तिसऱ्या रिळानंतरचा अंधार

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला खोटी वाटत असेल तर त्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आमच्या पंगानीला यावं, धक्क्यावर उतरून शुआरीबिबीचं घर विचारावं. माझ्या डाव्या कुशीतल्या तीन बरगड्या वाकड्या जुळल्यात. बाईमाणूस असेल तर हात लावून बघावं. पुरुष असेल तर दुरून ऐकावं आणि गप्प बसावं.

मी शिकलेली नाही. हे नातीकडून लिहून घेतेय. पण शब्द माझे आहेत. तिला बजावलंय, मध्ये तुझा एक शब्द घुसवलास तर बघ.

भुतं रात्री येतात म्हणे. माझ्याकडे आलं ते भर दुपारी.

साल १९८९. ईद होऊन दुसरा रविवार. दुपारी तीनचा खेळ.

जागा... कसुकू टॉकीज.

कसुकू म्हणजे पोपट. दारावर हिरवा पोपट रंगवलाय, त्याची चोच कधीच झडली. आता घरोघर व्हिडिओ आलाय, पण कसुकूत अजून रिळांचाच पिक्चर लागतो. रविवारी तीनचा खेळ फक्त बायकांचा. आणि बायकांच्या खेळाची मालकीण मी. थिएटर कुणाचं का असेना.

पूर्वी मी दारात मांडीवर मुसळ घेऊन बसायचे. येईल तिचा बुरखा वर करून तोंड बघायचे. माझ्या दारातून डास आत गेला तर मला विचारून जायचा. एकदा एक हवालदार 'तपासणी' म्हणत आत घुसायला बघत होता. तो अजून लंगडतो.

आत पुरुष एकच. ऑपरेटर कोंबो. तो वर, मशीनच्या केबिनमध्ये. खेळ सुरू झाला की मी केबिनला बाहेरून कुलूप घालायचे आणि किल्ली माझ्या गळ्यात. खाली बायका बुरखे काढून, केस मोकळे सोडून बसतात. संत्री सोलतात, पाय पुढच्या खुर्चीवर टाकतात, आपापल्या नवऱ्याची नक्कल करतात. ते पुरुषाने बघायचं नाही.

कसुकूत मशीन एकच चालू. दुसरं मी तरुण होते तेव्हाच जळालं. म्हणून रीळ संपलं की पडदा काळा. कोंबो जुनं रीळ उतरवणार, नवं ओवणार. तीन मिनिटं.

त्या तीन मिनिटांत हॉलचे दिवे लावायचे नाहीत. केबिनच्या खिडकीतून खाली सगळं दिसतं ना. म्हणून मिट्ट काळोख.

हा नियम माझा होता.

आता आधी १९७१ सालचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या रविवारी दोन बहिणींचा हिंदी पिक्चर होता. भाषा कुणाला येत नव्हती. रडायला भाषा कशाला लागते?

तुमू आली होती. तिने दारुड्या नवऱ्याचं घर सोडून आठ दिवस झाले होते. तो बाजारात सुरा नाचवत फिरत होता, "बहिणीचा बुरखा घालून येईन, पण तिला संपवीन," म्हणत होता.

"बिबी, तो मागच्या भिंतीवरून आला तर?" तुमू म्हणाली.

"येऊ दे. त्याची आई त्याला ओळखणार नाही असा पाठवीन परत."

तिसरं रीळ चालू झाल्यावर एक मुलगी उशिरा आली. साउमू. घायपाताच्या मळ्यातली. लग्न होऊन चार दिवस झालेले. पायांना ताजी मेंदी. जन्मात पिक्चर पाहिला नव्हता. हात मात्र बाईचे वाटत नव्हते. लहानपणापासून घायपात कापून तळवे लाकडासारखे झालेले.

"बिबी, शेवट गोड आहे ना?" तिने दारातच विचारलं. "सासू म्हणाली, रडका असला तर परत ये."

"बस गप. गोड नसला तर कोंबोला सांगून गोड करायला लावते."

ती खुदकन हसली. मीच तिला हाताला धरून आत नेलं. तुमूच्या मागच्या खुर्चीवर, चौथ्या रांगेत बसवलं.

मीच.

तिसरं रीळ संपलं. काळोख झाला.

रीळ संपलं की अंधार होतो, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. ती घाबरली. तिने पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला, "ताई, संपलं का?" विचारायला. पण विचारायच्या आधीच...

तुमू किंचाळली.

"आला! तो आला!"

मी मुसळ घेऊन धावले. अंधारात चाचपडत एक मनगट पकडलं. तळवा दाबून बघितला. खरखरीत. राठ. पुरुषाचा.

"धरा! हाच तो!" मी ओरडले.

चाळीस बायका उठल्या. सोड्याच्या जाड बाटल्या. लाकडी खडावा. दात. नखं. पहिला घाव मात्र माझ्या मुसळाचा.

वर कोंबो दार बडवत होता. "बिबी! काय झालं? दिवा लावू का?"

"खबरदार दिवा लावलास तर!"

हे मी ओरडले. माझ्या बायकांचे केस उघडे होते म्हणून.

तीन मिनिटं. नुसता मारण्याचा आवाज. आधी कोरडा... मग ओला.

मग चौथं रीळ लागलं. पडद्यावर दोघी बहिणी झोपाळ्यावर बसून गात होत्या. त्या उजेडात आम्ही खाली बघितलं.

मेंदीचे पाय होते. एकात चप्पल होती, एकात नव्हती.

तोंड उरलं नव्हतं.

गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. मिझे, माझी शेजारीण, तिच्या हातात बाटलीची नुसती मान राहिली होती. तुमूचा नवरा त्या वेळी माडी पिऊन धक्क्यावर झोपला होता. उताणा.

पोलिसांना आम्ही सांगितलं, पोरगी जिन्यावरून पडली. चाळीस जणींनी तेच सांगितलं. मळ्यातून तिची आई आली. ती रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "तिने पिक्चर पूर्ण बघितला का हो?"

मी म्हटलं, "हो."

एवढं पंगानीतल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे. त्यावरची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, नमाजातही नाही.

मुसळ मी कसुकूच्या दारामागे उभं केलं. परत हात लावला नाही. टाकवलंही नाही.

अठरा वर्षं गेली.

आणि तोच पिक्चर परत आला.

माझ्या नातीचं, झैतुनीचं, गुरुवारी लग्न. हातापायांवर ताजी मेंदी. अशा पोरीने घराबाहेर पडायचं नसतं. पण ती हट्टाला पेटली.

"बिबी, लग्नानंतर सासू सोडणार नाही. हा शेवटचाच."

"दुसरा कुठलाही बघ. हा नाही."

"का? भितेस?" ती डोळे मिचकावून म्हणाली. "आख्खं पंगानी शुआरीबिबीला भितं, आणि शुआरीबिबी पिक्चरला भिते?"

घरात आठ बायका बसल्या होत्या. सगळ्या हसल्या. मिझे सगळ्यात मोठ्याने हसली. तिने हसायला नको होतं.

"उठ," मी म्हटलं. "बुरखा घाल."

गर्वाने एकदा एक पोर खाल्ली होती. मी त्याच्यापुढे दुसरी नेऊन बसवली.

झैतुनी तिसऱ्या रांगेत बसली, शेजारी मिझे. मी नेहमीप्रमाणे दारातल्या स्टुलावर. वर जाऊन कोंबोला कुलूप घातलं. तो आता म्हातारा झालाय. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बिबी, हेच रीळ आहे. तीच प्रत. फिल्म तुटली होती तिथे मी केलेला जोड अजून आहे तिच्यात."

"मग नीट चालव."

पहिलं रीळ संपलं. काळोख झाला.

"कोंबो! झोपलास का रे?" मिझे ओरडली.

"बायकोने उपाशी ठेवलंय त्याला!"

"हात थरथरतात म्हाताऱ्याचे. सुईत दोरा ओवायला सांगा, मग कळेल!"

हशा. शेंगदाण्यांची टरफलं उडाली. झैतुनीने लग्नघरात करतात तसं जीभ वळवून लांबलचक उलूलू केलं. मला बरं वाटलं. उगाच भ्यायले असं वाटलं.

दुसरं रीळ संपलं.

काळोख झाला...

आणि कुणी बोललं नाही.

एक बाई नाही. खोकला नाही. खुर्चीची करकर नाही. आमच्या बायका मयतातही इतक्या गप्प बसत नाहीत.

मग वास आला.

घायपात कुजायला टाकतात ना, तो हिरवट, आंबूस वास. आणि त्याच्यात... ताजी मेंदी.

माझ्या उजव्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला.

खरखरीत.

"बिबी... संपलं का?"

मी ओरडणार, तेवढ्यात तिसरं रीळ सुरू झालं. मागे भिंत होती. भिंतीला टेकूनच बसले होते मी. मागे उभं राहायला जागाच नव्हती.

त्याच वेळी उठून झैतुनीला बाहेर काढायला हवं होतं. पण सगळ्या बघत होत्या. मिझे बघत होती. बिबी भ्याली, असं झालं असतं.

मी बसून राहिले. तोंडात एक शेंगदाणा टाकला. चावला नाही.

तिसरं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो. ऑपरेटरसाठी ती खूण असते. बाकीच्यांना दिसत नाही. मला दिसतो. धाकटी बहीण कडीला हात लावते... आणि ठिपका येतो.

ठिपका आला.

काळोख.

"धरा! हाच तो!"

आवाज तिसऱ्या रांगेतून आला.

आवाज माझा होता.

माझं तोंड मिटलेलं होतं. दातांत शेंगदाणा होता.

खुर्च्या धडाधड मिटल्या. चाळीस बायका उठल्याचा आवाज मी एकदा ऐकलाय, दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही. एक बाटली फुटली.

मग घाव. कोरडा.

"झैतुनी!"

मी धावले. कुणाला तुडवलं, कुठे आपटले, माहीत नाही. अंधारात हात घातला. एक पोर खाली पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मेंदीचा वास. मी तिच्यावर आडवी झाले. डोकं छातीखाली घेतलं. आणि माझ्या पाठीवर पाऊस सुरू झाला.

बाटल्या. खडावा. कुणीतरी केस ओढून मानेचा चावा घेतला. मी ओरडले, "अगं, माझी नात आहे! मी शुआरी आहे! थांबा!"

कुणी थांबलं नाही.

मग ते आलं. जड. गोल. लाकडाचं. कुशीत. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

"कोंबो! दिवा लाव!"

दिवा लागला नाही.

परत ते उचललं गेलं. मला वारा लागला त्याचा. परत कुशीत. दुसरी बरगडी.

मला कळलं. ही थांबणार नाही. त्या दिवशीसुद्धा थांबली नव्हती.

मग मी बोलले. अठरा वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते.

"मला माहीत होतं! काकणं लागली होती माझ्या हाताला! मनगट धरलं तेव्हाच लागली होती! मेंदीचा वास आला होता! दुसरा घाव घालायच्या आधी मला कळलं होतं, ही बाई आहे!"

तिसरी बरगडी.

"चाळीस जणी माझ्या शब्दावर उठल्या होत्या! शुआरी चुकली, असं मला म्हणायचं नव्हतं! म्हणून थांबवलं नाही! म्हणून दिवा लावू दिला नाही! केसांसाठी नाही! ती निरपराध होती, आणि मला माहीत होतं!"

घाव थांबले.

अगदी थांबले.

माझ्या खालची पोर हलली. तिने माझा हात शोधला, धरला आणि हळूच विचारलं...

"बिबी, शेवट गोड आहे ना?"

तो तळवा लाकडासारखा होता.

चौथं रीळ लागलं. दोघी बहिणी झोपाळ्यावर गायला लागल्या.

सगळ्या बायका आपापल्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. पायावर पाय टाकून. मांडीवर टरफलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. झैतुनी तिसऱ्या रांगेत, मिझेच्या शेजारी. तिच्या मेंदीला धक्का लागलेला नव्हता.

मी चौथ्या रांगेत जमिनीवर पडले होते. एका रिकाम्या खुर्चीच्या पुढ्यात.

माझ्या खाली कुणी नव्हतं.

"बिबी!" झैतुनी धावत आली. "तू काय बोलत होतीस? कोण निरपराध?"

"मला मारलं... तुम्ही सगळ्यांनी..."

"कुणी जागचं उठलं नाही गं. तू दारातून धावत आलीस, पडलीस, आणि ओरडायला लागलीस."

"त्याआधी हाक नाही ऐकली? 'धरा' म्हणून?"

कुणी ऐकली नव्हती.

म्हणजे माझं बोलणं तेवढं सगळ्यांनी ऐकलं होतं. प्रत्येक शब्द. मिझेचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, माझ्याजवळ आली. मला वाटलं, हात देईल.

"अठरा वर्षं मी झोपले नाही, शुआरी," ती म्हणाली. "मला वाटायचं, आपण सगळ्या फसलो."

आणि ती बुरखा घेऊन निघून गेली. ती माझ्याशी आजवर बोललेली नाही.

झैतुनीने माझ्या गळ्यातली किल्ली काढली आणि कोंबोला सोडवलं. तो घामाने भिजला होता.

"मी हाक ऐकली, बिबी," तो म्हणाला. "तीच. तेव्हाचीच. मी बटणावर हात ठेवला होता. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, खबरदार दिवा लावलास तर."

मी तसं ओरडले नव्हते.

हाडवैद्यीण आली. तिने अंगाभोवती गुंडाळलेलं कांग्याचं कापड बाजूला करून पाठ बघितली. बाटलीचा एक ओरखडा नव्हता. मानेवर चावा नव्हता. फक्त कुशीत तीन गोल काळे वळ होते, एकाखाली एक.

"हे मुसळ आहे," ती म्हणाली. "आणि एकाच हाताचं. कुणी मारलं, बिबी?"

मी झैतुनीला दारामागे बघायला पाठवलं. मुसळ जागेवर होतं. त्याच्यावर कोळ्याचं जाळं होतं. अख्खं.

बुधवारी, लग्नाच्या आदल्या दिवशी, मी बरगड्या आवळून नावेने नदी ओलांडली आणि मळ्यात गेले. साउमूची आई अजून होती. डोळे गेले होते. मी तिच्या दारात जमिनीवर बसले. मी कुणाच्या दारात कधी जमिनीवर बसलेली नाही. सगळं सांगितलं. काकणांचंही.

तिने तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं.

"म्हणजे तिने पिक्चर पूर्ण बघितला नाही," ती म्हणाली.

आणि भिंत चाचपत आत गेली. दार लावून घेतलं.

काही जणी मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, "बिबी, कदाचित तेव्हाही ती हाक तुमची नसेल. त्या जागेतच काहीतरी असेल." मी त्यांना सांगते, तोंड सांभाळा. १९७१ ची हाक माझी होती. तिचं खापर भुताच्या डोक्यावर फोडायला मी अजून तेवढी हलकी झालेली नाही.

१९८९ ची कुणाची होती, ते मात्र मला माहीत नाही.

झैतुनीला आता दोन मुलं आहेत. तिला मी कसुकूत येऊ देत नाही. मी मात्र दर रविवारी दारात बसते. नियम बदललाय. रीळ संपलं की कोंबोने दिवा लावायचा. बायका कुरकुर करतात, केस झाकून घेतात. झाकू देत.

गेल्या महिन्यात पुन्हा तोच पिक्चर आला.

तिसरं रीळ संपलं. ठिपका चमकला. काळोख झाला.

दिवा लागला नाही.

वर कोंबो बटण खालीवर करत होता, खटखट ऐकू येत होतं. आणि चौथ्या रांगेतून, त्या रिकाम्या खुर्चीतून, कुणीतरी हळूच विचारलं, "संपलं का?"

मी उत्तर देणार होते. खरं सांगते, देणार होते. म्हणणार होते, नाही गं पोरी, अजून आहे, घाबरू नकोस, रीळ बदलतायत. तेव्हा एवढंच सांगायला हवं होतं.

पण माझ्या बाजूला, दाराआड, मुसळाचं लाकूड जमिनीवरून सरकलं.

मी वळून बघितलं नाही. उचलणारी कोण आहे, ते मला माहीत आहे. तिच्याही गळ्यात कोंबोच्या केबिनची किल्ली आहे.